नखाला लागलेली पायरी

वर्निअर म्हणत होतं ठोकळा सपाट आहे. नख म्हणत होतं, नाही. १०० बाय १०० मिमीचा एमएसचा (साध्या पोलादाचा) ठोकळा, मिलिंग मशीनवर ५० मिमीच्या फ्लाय कटरने तीन फेऱ्यांत फेस, म्हणजे वरून सपाट, केलेला. वरून पाहिलं तर काही खोट दिसेना. शेडच्या दारातून आलेलं भाद्रपदातलं ऊन त्यावर पडत होतं आणि छताच्या पत्र्यावर त्याचा कवडसा हलत होता. कटिंग ऑइलचा जळका वास अजून हवेत होता. पण नख आडवं फिरवलं की दोन ठिकाणी अडकायचं: पहिली फेरी जिथे दुसरीला भेटते तिथे, आणि दुसरी जिथे तिसरीला भेटते तिथे. वर्निअरचं लघुत्तम माप २० मायक्रॉन. ती पायरी त्याच्याहून लहान होती, म्हणून वर्निअरला दिसली नाही. नखाला मात्र दहा-पंधरा मायक्रॉनचा काठही कळतो. स्पिंडलला (कटर फिरवणाऱ्या दांड्याला) लिव्हर डायल, म्हणजे बारीक फरक दाखवणारं सुईचं मापयंत्र, लावून २०० मिमी व्यासाच्या घेऱ्यात फिरवला, तर पुढच्या आणि मागच्या टोकात ०.०८ मिमीचा फरक निघाला. २०० मिमीला ०.०८, तर दोन फेऱ्यांमधल्या ४० मिमीला ०.०१६. म्हणजे १६ मायक्रॉन. नख खोटं बोलत नव्हतं.

खटकलं ते वेगळंच. हेच मशीन वैशाखात डायल लावून सरळ केलं होतं, पुढे-मागे ०.०२ च्या आत. त्यानंतर कॉलमच्या, म्हणजे मशीनच्या उभ्या खांबाच्या, बोल्टला पाना लागला नव्हता, कधी कटर जॉबमध्ये अडकून मशीनला हिसका बसला नव्हता. कटरच्या खुणा वाचता येत असतील तर ठोकळाच सगळं सांगतो. टेबल एका दिशेने जाताना कटरचा पुढचा काठ कापतो आणि मागचा नुसता वरून जातो. स्पिंडल टेबलाशी अगदी काटकोनात असेल तर मागचा काठही हलकी खूण सोडतो आणि पृष्ठभागावर दोन्ही बाजूंच्या कमानींची जाळी दिसते. एकाच दिशेच्या कमानी दिसल्या तर डोकं, म्हणजे स्पिंडल धरणारा भाग, डावी-उजवीकडे कललंय आणि फेरी मधोमध किंचित खोल गेलीय. जाळी नीट आहे पण फेऱ्यांच्या सांध्यावर पायरी आहे, तर डोकं पुढे किंवा मागे झुकलंय. या ठोकळ्यावर जाळी स्वच्छ होती. पायरीही होती.

हात कुणी लावला नाही, मग कॉलम झुकला कसा?

घरच्या शेडसाठी मिलिंग मशीन घ्यायचं म्हटलं की मोटार किती एचपीची आणि टेबल केवढं, हे दोन प्रश्न आधी येतात. वजनाचा प्रश्न उशिरा येतो, बहुधा टेम्पोवाला भाडं सांगतो तेव्हा. खरं तर तोच पहिला हवा. लेथवर टूल एकसारखं कापत राहतं. मिलिंगमध्ये कटरचा प्रत्येक दात आत शिरतो, बाहेर पडतो, पुन्हा शिरतो. १० मिमीचा चार दातांचा एचएसएस (हायस्पीड स्टीलचा) एंडमिल, म्हणजे टोकाने आणि बाजूने कापणारा कटर, एमएसवर मिनिटाला २५ मीटरच्या वेगाने चालवायचा तर ८०० आरपीएम लागतात. म्हणजे सेकंदाला ५३ ठोके. हे ठोके पचवायला बिडाचं वजन लागतं. वजन नसेल तर मशीन थरथरतं, थरथर जॉबवर उमटते, कटरच्या दातांची टोकं झडतात, आणि मग माणूस फीड, म्हणजे जॉब सरकवण्याचा वेग, इतका कमी करतो की कटर कापण्याऐवजी घासायला लागतो. घासणारा कटर कापणाऱ्या कटरपेक्षा लवकर मरतो. एचपीच्या आकड्यामागे धावणाऱ्याला हे मशीन घरी आल्यावर कळतं, याचं वाईट वाटतं.

सगळ्यात लहान मशीन बाकावर बसतं, ५०-६० किलोचं. चीनहून येतं, रंग आणि नावं वेगवेगळी, पोट एकच: एमटी-३ किंवा आर-८ टेपरचा (होल्डर बसायच्या निमुळत्या भोकाचा) स्पिंडल, ३५० ते ५०० वॉटची ब्रशची डीसी मोटार, प्लॅस्टिकचे गिअर, आणि बऱ्याच जणांच्या पाठीशी एकाच मोठ्या नटावर धरलेला, डावी-उजवीकडे कलता येणारा कॉलम. अॅल्युमिनियमचे ब्रॅकेट, पितळेचे छोटे भाग, मॉडेल इंजिनं, यासाठी ते पुरतं. त्याच्या वर गोल कॉलमचं मशीन, ज्याला बाजारात ड्रिल कम मिलिंग म्हणतात. दिसायला दणकट, पण एक खोड जन्माची. डोकं वर-खाली केलं की ते गोल कॉलमभोवती जरासं फिरतं आणि धरलेला मध्यबिंदू हरवतो. आधी सेंटर मारायचं, मग लांब ड्रिल लावायला डोकं वर घ्यायचं, मग बोअरिंग. प्रत्येक वेळी पुन्हा मध्य शोधत बसायचं. त्याच्या पुढची पायरी म्हणजे डव्हटेल (तिरक्या कडांच्या, गोल नसलेल्या) कॉलमचं, अडीचशे-तीनशे किलोचं मशीन. त्यात डोकं वर गेलं तरी मध्य जागेवर राहतो. आणि त्याही पुढे जुनं टरेट मिलिंग, आपल्याकडे ज्याला सर्रास एमवनटीआर म्हणतात. त्याचं मूळ घराणं अमेरिकेतल्या ब्रिजपोर्ट शहरात १९३८ साली सुरू झालं. वजन एक टनाच्या आसपास.

मराठवाड्यात गावाबाहेरच्या शेडमध्ये येणारं काम पाहिलं तर निवड सोपी होते. कडबाकुट्टीचा शाफ्ट, मळणी यंत्राची पुली, पिठाच्या गिरणीचा झिजलेला दांडा, रोटाव्हेटरच्या गिअरबॉक्सची तुटलेली चावी. यातलं निम्म्याहून जास्त काम म्हणजे की-वे, चावी बसायची खाच. २५ मिमीच्या शाफ्टला चावी ८ बाय ७ ची, शाफ्टमध्ये खाच ४ मिमी खोल. खाचेची रुंदी साधारण बसणीसाठी ८ मिमीहून मोठी नको, आणि लहान असली तर जास्तीत जास्त ३६ मायक्रॉनने. हलक्या मशीनवर ८ मिमीचा कटर सरळ ८ ची खाच घ्यायला घातला की तो एका बाजूला ओढला जातो. खाच मोठी होते, शिवाय मध्यावरून सरकते. मग चावी हातोडीने ठोकून बसवावी लागते नाहीतर ढिली राहते, आणि ढिली चावी एका हंगामात शाफ्ट खाते. उपाय असा: ६ मिमीचा दोन दातांचा कटर घेऊन मध्यावर पूर्ण खोली काढायची, मग दोन्ही भिंतींना एकेक मिमी वेगवेगळा, शेवटची फेरी एका दशांशाची. वेळ दुप्पट लागतो, पण चावी अंगठ्याच्या दाबाने अर्धी आणि लाकडी हातोडीने पूर्ण बसते. हे काम रोजचं असेल तर दार आणि जमीन साथ देत असेपर्यंत जड मशीनच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे.

जड मशीन म्हणजे बहुतेक वेळा जुनं मशीन. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्याभोवती सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या शेडांची रांग लागली. चिकलठाण्याची वसाहत होतीच. त्या शेडांमधली हाताने चालवायची मशीनं एकामागून एक संगणकावर चालणाऱ्या सीएनसीला जागा देत बाहेर पडली. काही लिलावात गेली, काही भंगारवाल्याच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी आहेत. त्यांत सोनंही आहे आणि मातीही. नव्या रंगाने झळकणाऱ्या मशीनपेक्षा तेलकट, धुळकट पण परवापर्यंत चालू असलेलं मशीन बरं. नवा रंग खालची झीज लपवतो. टेबलाखालच्या स्लाईडवर हात फिरवावा. कारखान्यात स्क्रेपरने मारलेल्या चंद्रकोरीसारख्या खुणा टोकांना दिसतील. मधे त्या पुसून गुळगुळीत झाल्या असतील तर झीज तिथेच आहे. टेबल मधोमध असताना गिब, म्हणजे स्लाईडमधली ढिलाई काढणारी पट्टी, घट्ट करावा आणि हँडल फिरवत टेबल टोकाला न्यावं. टोकाला ते जाम होत असेल तर मधली झीज गिबने झाकता येणार नाही. तिथे स्क्रेपिंगच लागतं, आणि ते काम करणारे हात आता थोडे उरलेत. स्क्रूची ढिलाई मधे आणि टोकाला वेगवेगळी मोजावी. सगळीकडे सारखी असेल तर नट बदलून भागतं, मधे जास्त आणि टोकाला कमी असेल तर स्क्रूच गेलाय. मग स्पिंडल. टेपरच्या आत लिव्हर डायलची सुई टेकवून हाताने फिरवावा, ०.०१ च्या आत असेल तर समाधान. शेवटी सगळ्यात वरच्या वेगावर अर्धा तास पळवून बेअरिंगवर तळहात ठेवावा. कोमट चालतं. हात ठेवता येत नसेल तर किंमत तिथेच खाली आणावी.

टेपरही पाहून घ्यावा. ४० च्या टेपरची होल्डरं आपल्या औद्योगिक वसाहतीत जुनी-नवी सहज मिळतात. आर-८ ची शोधावी लागतात, शिवाय त्याच्या ड्रॉबारचा (होल्डर वर ओढून धरणाऱ्या लांब बोल्टचा) आटा इंची असतो, ७/१६ चा, वीस आट्यांचा; मेट्रिक बोल्ट जबरदस्तीने घुसवून कितीतरी होल्डरं वाया गेलीत. एमटी-३ स्वतःच्या टेपरने धरून बसतो, त्यामुळे काढताना ड्रॉबार एक-दोन आटे सैल करून वरून ठोका द्यावा लागतो. तो प्रत्येक ठोका स्पिंडलच्या बेअरिंगला जातो, म्हणून पितळेची हातोडी आणि हलका हात.

मशीनच्या बजेटमध्ये कटर, होल्डर आणि व्हाईस (जॉब धरणारा शिकंजा) यांचे पैसे आधीच बाजूला काढून ठेवावेत. सगळे पैसे मशीनवर संपवून मग एंडमिल ड्रिल चकमध्ये धरणारे पुष्कळ. ड्रिल चकची रचना सरळ खाली दाबण्यासाठी आहे. बाजूचा ताण आला की तीन जबड्यांतून एंडमिल हळूहळू खाली सरकतो आणि खाच खोल होत जाते, किंवा चकच टेपरवरून सुटून खाली येतो, फिरता फिरता. ईआर-३२ चा एक कोलेट चक आणि चार-पाच कोलेट (कटरला चहूबाजूंनी आवळणाऱ्या चिरलेल्या नळ्या) घेतले की २० मिमीपर्यंतचं काम निभतं. व्हाईस स्वस्त घेतला तर कसल्यावर पुढचा जबडा उचलतो आणि त्याबरोबर जॉबही. खाली पॅरलल (सारख्या उंचीच्या पट्ट्या) ठेवून कसल्यावर तांब्याच्या हातोडीने जॉबवर ठोकावं आणि मग पॅरलल बोटाने हलतात का ते पाहावं. हलत असतील तर जॉब तरंगतोय. जबडा खाली ओढत कसणारा व्हाईस महाग असतो, पण त्याचे पैसे पहिल्या महिन्यातच वसूल होतात.

विजेचा प्रश्न घरच्या शेडला हमखास येतो. घरात सिंगल फेज. शेतीच्या फीडरला थ्री फेज, पण ठराविक तास, आणि आठवड्याच्या फेऱ्यात ते तास रात्रीचेही. जुन्या मशीनची थ्री फेज मोटार काढून सिंगल फेजची लावण्याचा मोह होतो. तो टाळावा. सिंगल फेज मोटारीचा जोर सेकंदाला शंभर वेळा वर-खाली होतो आणि फिनिशवर बारीक लाटा उमटतात. त्यापेक्षा सिंगल फेज आत, थ्री फेज बाहेर असा व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राईव्ह, बसवावा. मात्र तो बाहेर २३० व्होल्टच देतो, आणि आपल्याकडच्या लहान मोटारी ४१५ व्होल्टला स्टारमध्ये जोडलेल्या असतात. टर्मिनलच्या डब्यात सहा टोकं असतील तर स्टारची पत्ती काढून तीन उभ्या पत्त्या लावायच्या, म्हणजे डेल्टा झाला. प्लेटवर २४०/४१५ असं लिहिलेलं असतं. तीनच टोकं बाहेर असतील तर रिवाइंडिंगवाल्याकडून आतला स्टारचा सांधा सोडवून सहा टोकं बाहेर काढून घ्यावीत. मशीनवरचा जुना फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच व्हीएफडी आणि मोटारीच्या मधे ठेवू नये. चालू असताना तो तोडला तर व्हीएफडीचं सर्किट जळू शकतं. त्या स्विचच्या वायर व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलला द्याव्यात. आणि व्हीएफडी मिळाला म्हणून बेल्ट एकाच पुलीवर ठेवून सगळे वेग बटणाने काढू नयेत. २० हर्ट्झच्या खाली मोटारीचा पंखा हवा फेकत नाही आणि जोडीला पॉवरही घटते. कमी वेगासाठी बेल्टच बदलावा.

लहान मशीन घेतलंच असेल तर ते सुधारण्यात एक वेगळा आनंद आहे, आणि त्याचा क्रम चुकला की पैसे वाया. पहिला दिवस रॉकेल आणि फडक्याचा. कारखान्यातून येताना लावलेलं लालसर ग्रीस स्लाईडच्या आत, स्क्रूच्या आट्यांत, सगळीकडे असतं आणि त्यात कास्टिंगची वाळूही असू शकते. सगळं उघडून धुवावं. मग गिब. लॉकनट सैल करून एकेक स्क्रू टेबल जड होईपर्यंत आवळावा, मग अष्टमांश फेरा मागे, आणि स्क्रू जागेवर धरूनच नट कसावा. नटाबरोबर स्क्रू फिरला तर सगळी मेहनत पाण्यात. टेबलाच्या टोकाला हाताने ढकललं आणि दुसऱ्या बाजूच्या डायलवर ०.०२ पेक्षा जास्त दिसलं नाही तर गिब बसला. त्याच्यानंतरच स्पिंडलचा काटकोन. ढिल्या गिबवर डायल लावणं म्हणजे हलत्या पाळण्यात ओळंबा धरणं. डावी-उजवी बाजू कॉलमच्या नटावर जुळते. सापडलेल्या फरकाच्या निम्मंच हलवायचं आणि पुन्हा मोजायचं. पुढे-मागे झुकलेलं असेल तर कॉलमच्या पायाखाली शिम. पाया १२० मिमी खोल आणि २०० मिमीच्या घेऱ्यात ०.०८ चा फरक, तर शिम ०.०४८ ची, म्हणजे ०.०५ चा पितळी पत्रा. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा साधारण ०.१ चा असतो, इथे तो जाड पडतो.

प्लॅस्टिकचे गिअर एक दिवस तुटतात, बहुधा फ्लाय कटर जास्त खोल घातला तेव्हा. त्यांच्या जागी लोखंडी गिअर बसवणारे आहेत. आवाज कर्कश होतो आणि पुढच्या वेळी गिअरऐवजी मोटारीचा कंट्रोल बोर्ड जातो. बेल्ट ड्राईव्ह सगळ्यात शहाणा. कटर अडकला तर बेल्ट घसरतो, बाकी सगळं वाचतं, आणि शेडमध्ये माणसाचं बोलणं ऐकू येतं. एक्स अक्षाला पॉवर फीड हवा असेल तर गाडीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटार चालते. मिनिटाला ४५ फेरे आणि दीड मिमीचा स्क्रू, म्हणजे मिनिटाला साधारण ६७ मिमी. बारीक कटरला पुरेसं. फक्त बऱ्याच वायपर मोटारींची बॉडीच निगेटिव्ह असते. दिशा उलटवण्यासाठी वायर फिरवल्या की मशीनचा सांगाडा पॉझिटिव्ह होतो आणि कुठेतरी ठिणगी उडते, म्हणून मोटार फायबरच्या पट्टीवर वेगळी बसवावी.

डीआरओ, म्हणजे टेबलाचं स्थान आकड्यांत दाखवणारा डिजिटल डिस्प्ले, लावल्यावर काम करण्याची पद्धतच बदलते. हँडलचे फेरे मोजण्याची धास्ती जाते, कारण तो स्क्रूचं नव्हे तर टेबलाचं खरं स्थान सांगतो; ५ मायक्रॉनची काचेची किंवा चुंबकीय पट्टी बरी, स्वस्त कॅपॅसिटिव्ह पट्ट्या तेल-पाण्याने बिथरतात. पण स्क्रूची ढिलाई डीआरओने नाहीशी होत नाही. कटर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने जॉब सरकवला की दात जॉबला स्वतःकडे खेचतो, टेबल ढिलाईएवढं उडी मारतं आणि एंडमिल मोडतो. म्हणून हाताच्या मशीनवर फीड दाताच्या विरुद्धच, दुसऱ्या दिशेची फेरी फक्त शेवटची, एक-दोन शतांशाची, स्लाईडचा लॉक किंचित आवळून. बॉलस्क्रूचा सल्ला सर्रास दिला जातो. सीएनसी करायचं असेल तर तो हवाच. हँडलवर चालणाऱ्या मशीनला तो लावू नये: साधा स्क्रू टेबलाला जागेवर धरून ठेवतो, बॉलस्क्रू धरत नाही, आणि कटरच्या ओढीने हँडल आपोआप फिरायला लागतं.

इथल्या उन्हाळ्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. पहाटे शेडमध्ये २४ अंश आणि दुपारी पत्र्याखाली ४४. लोखंड दर अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं, अॅल्युमिनियम तेवीस. ३०० मिमीचा अॅल्युमिनियमचा जॉब सकाळी मोजून दुपारी पुन्हा मोजला तर तो ०.१४ मिमी वाढलेला असतो, आणि लोखंडी स्केल त्याच्या निम्मंच वाढलेलं. दारातून ऊन थेट कॉलमच्या एका अंगावर पडत असेल तर तो केळीच्या पानासारखा किंचित वळतो, म्हणून काटकोनाचं काम सूर्य डोक्यावर यायच्या आत उरकावं. बरेच व्हीएफडी ४० अंशांपर्यंतच पूर्ण क्षमतेने चालतात. त्यांना सावलीत, जाळी लावलेल्या डब्यात ठेवावं. स्लाईडवर ग्रीस लावू नये. शेतातून उडणारी बारीक धूळ ग्रीसमध्ये बसते आणि ते मिश्रण धातू घासायच्या लॅपिंग पेस्टसारखं बिडाला खात राहतं. ६८ नंबरचं स्लाईडवे ऑइल, रोज सकाळी दोन-दोन थेंब, आणि रात्री जुन्या धोतराचं पांघरूण. अर्थिंगच्या खड्ड्याला चैत्र-वैशाखात पाणी घालत राहावं. माती वाळून भेगाळली की अर्थिंग नावापुरतं उरतं.

कॉलम झुकला कसा, याचं उत्तर भेगांवरूनच सापडलं.

शेडची जमीन काळ्या मातीवरची. वैशाखात ह्याच रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि भाद्रपदात तीच माती फुगून पावलाखाली दबते. ह्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. जमीन वर-खाली होते, पण सगळीकडे सारखी नाही: पागोळीचं पाणी जिथे पडतं ती बाजू जास्त. शेडमध्ये तीन इंचांची कोबा केलेली फरशी. तिच्यावर अँगलचं चार पायांचं स्टँड, आणि स्टँडवर चार बोल्टनी जखडलेलं मशीन. फरशी पागोळीच्या बाजूला एक-दोन मिमी उचलली, स्टँडला पीळ बसला, बोल्टनी तो पीळ मशीनच्या बेसला दिला आणि कॉलमने मान कलती केली. खात्री करायची रीत साधी आहे. स्पिंडलवरचा डायल टेबलावर टेकवून ठेवायचा आणि बेसचा एकेक बोल्ट सैल करत सुईकडे पाहत राहायचं. बेस नीट टेकलेला असेल तर सुई ढिम्म राहते. इथे मागच्या उजव्या कोपऱ्याचा बोल्ट सैल होताच ती सरकली, आणि चारही सुटल्यावर पुढे-मागेचा फरक ०.०८ वरून ०.०३ वर आला. कॉलम झुकलेला नव्हता, त्याला जमिनीने ओढून धरलं होतं.

अशा जमिनीवर मशीनखालची फरशी शेडच्या फरशीपासून वेगळी तोडावी. काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत खणावं, मग मुरूम ठोकून त्यावर निदान सहा इंचांचं काँक्रीट, आणि भोवती बोटभर फट, जिच्यात वाळू. पागोळीचं पाणी पन्हाळीने लांब न्यावं. टनाच्या मशीनला ह्याला पर्याय नाही. बाकावरच्या मशीनला मात्र एक स्वस्त उपाय आहे. तिपाई कधी डुगडुगत नाही; स्टँड तीन पायांचं करावं, किंवा चार पायांच्या स्टँडवर २० मिमीची जाड प्लेट तीनच ठिकाणी टेकवून तिच्यावर मशीन बसवावं. खालचं स्टँड कितीही पिळलं तरी तीन टेकूंवरच्या प्लेटला पीळ बसत नाही, ती फक्त कलते, आणि कललेलं मशीन सरळच कापतं. तीन पायांचं मशीन सहज उलथतं, म्हणून पाय रुंद आणि खाली जड ठेवावेत. प्लेटवर बेसचे चार बोल्ट कसताना प्रत्येक कोपऱ्याखाली फीलर गेज घालून पाहावं. फट असेल तिथे तेवढीच शिम द्यावी, बोल्टने ओढून ती मिटवू नये. गवंड्याची पाणसळ ह्या कामाला ढोबळ पडते, मीटरला ०.०२ दाखवणारी मशीनची लेव्हल एखाद्या टूलरूममधून दिवसासाठी मागून आणावी.

खंडेनवमीला मशीन तसंही धुऊन-पुसून लख्ख होतं. टेबलावरचा शेवटचा किस ब्रशने निघतो, टी-स्लॉटमधलं काळं तेल चिंधीवर येतं, व्हाईस उतरवलेला असतो. तेव्हा पाऊस सरलेला असतो आणि माती पोटभर फुगलेली. हळदकुंकू आणि झेंडूचा हार चढायच्या आधी डायल लावून एकदा फिरवावा आणि आकडा खडूने स्विचबोर्डाशेजारी भिंतीवर लिहावा. दुसरा आकडा अक्षय्य तृतीयेचा, जमीन पुरती आकसलेली असताना. त्या शेडच्या भिंतीवर आता चार आकडे आहेत. वैशाखातला ०.०२ आणि भाद्रपदातला ०.०८ हे पहिले दोन. मग तिपाई आणि जाड प्लेट आली, कॉलमखाली नव्याने शिम बसली. त्यानंतरच्या खंडेनवमीचा आकडा ०.०२, आणि पुढच्या अक्षय्य तृतीयेचाही ०.०२.

ठोकळा पुन्हा फेस केला आहे. आता नख एका काठावरून दुसऱ्या काठापर्यंत न अडता जातं.